वाळूतून वर आलेला मासा

हॅलो? … हां, बोल. … झालं जेवण. दुकान चारला उघडायचंय. … अगं, चष्म्याच्या दुकानात भर दुपारी कोण फिरकतंय. … तुझ्या बहिणीचा गुडघा काय म्हणतोय? … जिना चढली? मग तू तिथे करतेस काय अजून?

… मासा? … मासा बराय.

… बरा म्हणजे बरा. खातोय. … तू सांगितलंस तेच घालतोय. … व्हिडिओवर? आत्ता नको. टाकीचा दिवा बंद आहे. … भर दुपारी बंद, कारण मी बंद केलाय. … अगं ऐक ना. … हो, हो… ऐक ना आधी.

बसलीयेस का? … बहीण शेजारी आहे? मग गॅलरीत जा. … गेलीस? … दार लोट.

एक मासा गेला.

… हो, मेला. आज सकाळी. … 'एक' म्हणालो, कारण दोन होते.

… माहीत आहे गं, तू एकच मागवला होतास. दुसरा मी आणला. … सांगतो. पहिल्यापासून सांगतो, मध्ये बोलू नकोस.

पार्सल आलं त्या दिवशी दुकान उघडलंच नाही मी. तू फ्रिजवर चिकटवलेला कागद समोर धरला आणि त्याबरहुकूम सगळं केलं. दिवे बंद केले, पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली. मग मासा बादलीत, आणि त्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब… हो, दीड तास. स्टुलावर बसून कंबरेचं लाकूड झालं. … समुद्राचा मासा, मोजला ना खारटपणा. दोन्हीकडे सारखा आल्यावरच सोडला. … जाळीने नाही धरला, पर फाटतात म्हणून डब्यात घेतला. पिशवीतल्या पाण्याचा थेंबसुद्धा टाकीत जाऊ दिला नाही. … हो, तेवढं बरोबर केलं. तेवढंच.

सोडल्या सोडल्या वाळूत घुसला. म्हटलं, बावरलाय, संध्याकाळी येईल वर. … नाही आला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

… हो, तू रोज विचारत होतीस. … हो. 'खेळतोय' म्हणालो. … 'पोट भरून खातोय' हेसुद्धा मीच म्हणालो.

… आता कळलं गं. ही जात आठ-आठ, दहा-दहा दिवस वाळूत दडी मारते, प्रवासाचा शीण जाईपर्यंत. मला ते कुठे ठाऊक? कागदावर पहिल्या दोन तासांचंच होतं. … नाही, तुझ्यावर ढकलत नाहीये. पुढचं तू फोनवर सांगणारच होतीस. मी नुसतं 'दिसत नाही' म्हटलं असतं तर… हो. 'वाट बघ' म्हणाली असतीस. संपलं असतं तिथेच.

पण मला वाटलं, वाळूतच मेला. आणि तू तिथे तिची उशी सारखी करतेस, औषधांच्या वेळा सांभाळतेस… तुला कशाला डोक्याला ताप. म्हटलं, तू यायच्या आत हुबेहूब दुसरा आणून ठेवू. तुला पत्ताही लागायचा नाही.

… हुबेहूब म्हणजे निळे-हिरवे पट्टे, केशरी तोंड, बोटाएवढा. मोजपट्टी घेऊन गेलो होतो. दुकानदार म्हणाला, काका, हा नर आहे, टाकीत आधीचा नर नाही ना? एकमेकांना ठेवत नाहीत. … मी 'नाही' म्हटलं. त्याला काही फसवलं नाही मी, मला खरंच तसं वाटत होतं.

… चौथ्या दिवशी, हो. संध्याकाळी व्हिडिओवर पाहिलास तो हाच. … 'किती धीट झालाय' म्हणालीस. … हसलो मी. काय करणार?

… त्याला कुठला दीड तास! दहा मिनिटं. तू सहाला बघणार होतीस ना. … काही नाही झालं त्याला. दांडगा निघाला.

आणि काल आठवा दिवस. सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसलो तर वाळू हलली. आधी नुसतं तोंड बाहेर आलं. इकडे बघतंय, तिकडे बघतंय. … हो गं, जिवंत. पार वाळलेला, पण जिवंत. जन्मभर लोकांचे डोळे तपासले मी, आणि माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

… आनंदच झाला, काय विचारतेस. … मिनिटभर.

मग त्या दुसऱ्याने पाहिलं त्याला. चार दिवसांत टाकी त्याच्या मालकीची झाली होती ना. … नुसता हात धुऊन मागे लागला. … केला ना वेगळा करायचा प्रयत्न. जाळी घातली, भाज्या धुवायची चाळणी घातली. दोघंही खडकाखाली. दिवसभर दंडापर्यंत हात पाण्यात. … दुकानदार म्हणाला, मध्ये काच घाला. काच कापून आणेपर्यंत संध्याकाळ झाली. … घातली. तोवर परांच्या चिंध्या झाल्या होत्या. सकाळी तळाशी आडवा पडलेला.

… माहीत आहे. … प्रश्न माशाचा नाहीये, माहीत आहे मला.

… आता अण्णांना कशाला मध्ये… नाही, बोल. बरोबर आहे तुझं. … तुझे वडील दवाखान्यात, तू परगावी खात्याची परीक्षा देत होतीस, आणि मी रोज फोनवर 'अण्णा मजेत आहेत'. … हो, चार दिवस. पाचव्या दिवशी बोलावलं, आणि तू पोचलीस तेव्हा… हो. … विसरलो नाही. 'पुन्हा माझ्यापासून काही लपवायचं नाही' म्हणाली होतीस. … तुला त्रास नको म्हणूनच गं… … हो. तेव्हाही हेच म्हणालो होतो.

… काय? … कुठला वाचला?

… तुझा. … तुझा वाचला. … हो, खरंच. मी आणलेला गेला. … अगं, रडतेस काय? … हो, आठ दिवस उपाशी राहून… हो, चिवट. मालकिणीवर गेलाय. … रागव ना, रागवायलाच हवंस. … बरं. … बरं. … तू पण जपून ये.

… शेपटीला? … वरच्या टोकाला खाच? … मागवताना फोटोत पाहिली होतीस? … थांब, बघतो. दिवा लावतो. … हां, दिसतोय. … हां, आहे ना खा…

नाही.

थांब, ठेवू नकोस. खाच नाहीये. ह्याची शेपटी अख्खी आहे. … खाच त्याला होती. सकाळी हातावर घेतला तेव्हाच पाहिली मी. तुझा गेला.

… हो. आधीपासून माहीत होतं.

हॅलो? … आहेस? … मला वाटलं ठेवलास.

… का म्हणजे… कबूल करायचं ठरवूनच बसलो होतो. तू विचारलंस आणि तोंडातून गेलं. मग तू रडलीस, हसलीस. अण्णा गेल्यापासून बारा वर्षांत माझ्याशी अशी मोकळी बोलली नव्हतीस. आणि मी ते फुकट लाटतोय, लबाडी करून. लाज वाटली मला.

… कुंडीत पुरला. मोगऱ्याच्या. … नाही, कशात गुंडाळला नाही.

… विचार. … आता नाही बोलणार खोटं. विचार ना.

… अण्णांचं?

… काय सांगितलं होतं मी तुला? … हो. 'पहिल्या दिवसापासूनच शुद्ध नव्हती, कुणाला ओळखत नव्हते.' … हो, असंच सांगितलं होतं.

… ओळखत होते. … तिसऱ्या दिवसापर्यंत चांगले शुद्धीवर होते.

… हो. विचारलं. … एकदा नाही गं. दार वाजलं की विचारायचे, 'आली का?'

… मी? … मी म्हणायचो, 'निघालीये, वाटेत आहे.'

… हो. तीन दिवस.

… अगं…

… ठेवला तिने.