दुरुस्तीला टाकलेले पदक

नाव अघाली इलियास, वय अंदाजे सत्तर, धंदा पूर्वी मिठाचे तांडे नेणे, हल्ली घरीच, राहणार जुनी पेठ, मोठ्या मशिदीमागे, अगादेझ.

मी स्वतः चौकीवर येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी सून गाइशा राहतो. मला थोडे वाचता येते. म्हणून काय लिहिले जाते ते मी वाकून बघत आहे, राग मानू नये.

माझा मुलगा घुमूर वयात आला तेव्हा रिवाजाप्रमाणे मी त्याच्या गळ्यात चार टोकांचे चांदीचे पदक घातले. पुढे बंडाच्या काळात त्याने पदकामागे तीन ठिपके कोरून घेतले. ती बंडवाल्यांची खूण. तेव्हा पुष्कळांनी कोरून घेतली होती. आता माफी जाहीर झाली आहे, म्हणून सांगतो. झाली आहे ना, हे मी आधी विचारून घेतले.

तो बंडवाल्यांबरोबर डोंगरात जाण्याआधी पदकाची कडी तुटली. आमच्या घराण्याचा लोहार खामिद, चांदीही तोच घडवतो, त्याच्याकडे घुमूरने ते टाकले व "आल्यावर नेतो" असे माझ्यासमोर बोलला. तो अद्याप आलेला नाही. लोहाराकडे टाकलेली वस्तू आमच्यात मालकाशिवाय कोणी मागत नाही. मागितली तर मालक येणार नाही असे बोलल्यासारखे होते. म्हणून मी मागितली नाही.

परवा गाइशा चामड्याच्या उशा विकण्यास परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामी गेली. तेथील देलोर्म नावाचे परदेशी गृहस्थ बंडाच्या काळची चांदी जमवतात. त्यांच्या चटईवर तिला ते पदक दिसले, ठिपके व तुटकी कडी यांवरून तिने ओळखले. मेलेल्या बंडवाल्याच्या गळ्यातून काढलेले आहे, असे त्यांनी तिला कौतुकाने सांगितले. घरी येऊन तिने बांगड्या उतरवल्या. तेव्हापासून ती जेवत नाही.

मी खामिदकडे गेलो. तो चहा ओतत होता.

"गळ्यातून काढलं म्हणे! तुझ्या पेटीत होतं ना रे?"

"पेटीतल्या चांदीला कोण विचारतो, अब्बा? पाहुण्याला मेलेलाच लागतो. बसा, एक पेला तरी घ्या."

मी घेतला नाही.

तेथून मी चौकीवर येऊन कळवले, म्हणून आज सर्वांना येथे बोलावले. देलोर्म यांनी पदक टेबलावर ठेवले व दुभाष्यामार्फत म्हणाले, "माणूस जिवंत असेल तर हे माझ्या संग्रहात बसत नाही. बाबांना खुशाल द्या." त्यांना विमान गाठायचे होते, ते गेले.

मग साहेबांनी मला विचारले, "म्हातारबा, मुलगा मयत असेल तर तुम्ही वारस, सही करा आणि आत्ता घेऊन जा. हयात असेल तर तो कुठे आहे? माल मालकाच्याच हातात पडेल."

खामिद बाकावरून म्हणाला, "एका शब्दाचं काम आहे, अब्बा. हट्ट कशाला? गाइशाला तर सगळं कळलंच आहे."

माझे उत्तर साहेबांना आहे. मुलगा हयात आहे. पत्ता माहीत नाही. पदक मालक येईपर्यंत चौकीच्या पेटीत राहावे. कडी अजून तुटलेलीच आहे, ती जपावी. घराचे दार लोटून आलो आहे, मला सोडावे.

लिहिलेले सर्व कारकुनाने मला आमच्या भाषेत सांगितले. वर 'मयत घुमूरचा बाप' असे लिहिले होते, त्यातला पहिला शब्द माझ्यादेखत खोडला. बाकी मजकूर मी बोललो तसाच आहे.

सही : अघाली इलियास