मामा झाडाला लटकले असताना मी झाडलेल्या सहा गोळ्यांबद्दल

नाव एमेट लायल स्कोग. वय बावीस वर्षे. शिक्षण अकरावी, पूर्ण नाही. धंदा लाकूड गिरणीत फळ्या रचण्याचा. राहणार टॅमरॅक रस्ता, हेरॉन लेक, उत्तर विस्कॉन्सिन.

आज शनिवार, बंदुकीच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. शेरीफ कचेरीत डेप्युटी कॅडॉट मॅडम यांच्यासमोर बसून, त्यांनी विचारले म्हणून, माझ्याच हाताने लिहून देतो ते असे.

रोलँड मेल्बी हे माझे सख्खे मामा. वय एकसष्ट, अंगाने भारी. त्यांच्या मालकीचे रान दलदलीच्या कडेला आहे. तेथे लाकडी खोपी आहे, तिला आम्ही कॅम्प म्हणतो. यंदा कॅम्पवर मामा, त्यांचा मुलगा कर्ट आणि मी असे तिघेच होतो. कर्टची पाठ धरली असल्याने तो झाडावर चढणार नव्हता, स्वयंपाक त्याच्याकडे होता. रानाच्या पूर्वेला श्री. आर्लिन टायगन यांची जमीन लागते. कर्ट शाळेत होता तेव्हा एक हरीण टायगन यांच्या गोळीने जखमी होऊन आमच्या हद्दीत आले आणि मामांच्या गोळीने पडले. ते कोणाचे यावरून दोघांचे बोलणे बंद झाले, ते आज सकाळपर्यंत बंद होते.

मामांचे लोखंडी मचाण एका ओकवर सुमारे वीस फुटांवर आहे. ते खोडाला नायलॉनच्या दोन पट्ट्यांनी आवळलेले असते. मामा ते वर्षभर झाडावरच ठेवतात. पट्टे उन्हाने कडक होतात आणि खारी कुरतडतात, म्हणून मी गिरणीतून नवे पट्टे आणले होते. काल मी खालचा पट्टा बदलला. वरचा बदलायला चढत होतो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, ते मचाण आहे, विमान नाही. उतर. कर्टचे बटाटे गार होतायत." मी उतरलो.

आज उजाडण्यापूर्वी आम्ही दोघे निघालो. मामांना अंगात घालायचा सुरक्षा पट्टा आवडत नाही. हा पट्टा खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती बसतो आणि पाठीमागच्या दोरीने झाडाला अडकवतात. मी तो घेऊन ओकखाली उभा राहिलो.

मामा म्हणाले, "हे काय घोड्याचं खोगीर?"

मी म्हणालो, "घातल्याशिवाय चढू देणार नाही."

"तुझ्या वयाचा असताना मी बर्फात बोडक्या फांदीवर बसायचो."

"आणि पडलात. आईने सांगितलंय."

"तुझी आई फार बोलते," असे म्हणून त्यांनी पट्टा घातला. मांड्यांची कडी मी ओढून बघितली. पट्ट्याच्या पाकिटात लोंबकळल्यास पाय अडकवून उभे राहायची एक वेगळी वादी येते, ती कोठे आहे असे मी विचारले. त्यांनी सांगितले की त्या वादीने गेल्या वर्षी सरपणाची मोळी बांधली. मामा वर चढले, त्यांनी पट्ट्याची दोरी झाडाला अडकवली आणि मग रिकामी बंदूक दोरीने वर ओढून घेतली, हे मी खालून पाहिले. मग मी माझ्या मचाणावर गेलो. ते दलदलीच्या दुसऱ्या काठाला आहे. मधे पानगळ झालेली झाडे असल्याने मामांची नारिंगी टोपी तेथून दिसते.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आमच्या कॅम्पवर पहिल्या दिवशी नऊ वाजेपर्यंत कोणी तोंडातून आवाज काढत नाही. आजोबांपासून तसेच आहे. खोकला आला तर बाहीत खोकायचे. जे सांगायचे ते टोपीने. टोपी डोक्यावरून आडवी हलवली म्हणजे हरीण तुझ्याकडे येत आहे, जागचा हलू नकोस.

उजाडल्यावर थोड्याच वेळात मला लांबून काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज आला. त्या दिशेला पाहिले तर मामांची टोपी आडवी हलत होती. मी बंदूक मांडीवर घेतली आणि जागचा हललो नाही. टोपी पुन्हा हलली. मी आणखीच हललो नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. अशी पाच-सात मिनिटे गेली असावीत. हरीण काही आले नाही. मग माझ्या लक्षात आले की टोपी नेहमीपेक्षा खाली आहे आणि आपोआप गोल फिरते आहे.

मला ताबडतोब उडी मारावीशी वाटली. मारली नाही. बंदूक रिकामी करून दोरीने खाली सोडली आणि एकेक पायरी धरून उतरलो, कारण पायऱ्यांवर गोठलेले दव होते आणि दोघेही पडलो असतो तर कर्टला नऊच्या आधी कळले नसते. खाली आल्यावर बंदूक घेऊन धावलो.

वरचा पट्टा तुटून मचाण खोडापासून उलटे लोंबत होते. मामा सुरक्षा पट्ट्यात लटकलेले होते. पाय जमिनीपासून चौदा-पंधरा फूट वर. चढायच्या पायऱ्या खोडाच्या दुसऱ्या बाजूला होत्या आणि त्यांचा हात पोचत नव्हता. तोंड लाल झाले होते.

मी म्हणालो, "मामा! हाक का नाही मारली?"

मामा कुजबुजत म्हणाले, "हळू बोल. नऊ वाजलेत का?"

"लागलंय का कुठे?"

"लागलं नाही. पाय माझे आहेत की तुझे, ते कळत नाहीये."

ते ऐकून मला भीती वाटली. पट्ट्यात माणूस फार वेळ लोंबकळला तर मांड्यांवरच्या दाबाने रक्त पायांतच अडकते आणि माणूस बेशुद्ध होऊन तेथेच जाऊ शकतो, हे पाकिटातल्या कागदावर लिहिलेले आहे. मी तो वाचला होता. मामांनी त्याने चूल पेटवली होती. मी त्यांना हे सांगितले नाही. पाय हलवत राहा, खोडाला लाथा मारा, एवढेच सांगितले.

मी पायऱ्यांवरून वर गेलो, माझ्या सुरक्षा पट्ट्याने स्वतःला झाडाला अडकवले आणि मामांची बंदूक ओढायची दोरी सोडवून तिचा फास केला. फास वरच्या फांदीला बांधून मामांच्या बुटापर्यंत सोडला. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला बूट त्यात गेला आणि मामा एका पायावर उभे राहिले, तेव्हा त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. पण त्यांना उचलून काढणे माझ्या एकट्याच्या ताकदीबाहेर होते. शिडी हवी होती आणि दुसरा माणूस. दलदलीत फोनला रेंज येत नाही. टेकडीवर जाऊन यायचे तर मामांना एकटे सोडावे लागले असते, आणि पाय फासातून निसटला तर तो पुन्हा घालून द्यायला कोणी नव्हते.

म्हणून मी खाली उतरून गोळ्या झाडल्या. रानात थांबून थांबून तीन गोळ्या म्हणजे मदत पाहिजे, हे येथे सगळ्यांना माहीत आहे. मी हवेत झाडल्या नाहीत. जवळच एका ओहोळाची मातीची उंच कड आहे, तिच्यामागे कोणी नाही हे बघून कडेच्या तळाशी झाडल्या. गोळ्या आत गेल्याची भोके तेथे आहेत, ती कॅडॉट मॅडमनी पाहिली आहेत.

कोणीही आले नाही. त्याचे कारण मला नंतर कळले. पहिल्या दिवशी सकाळी चहूकडे बंदुका वाजत असतात. त्यात तीन गोळ्या ऐकून कोणालाही वाटते की एखाद्याने एकच हरीण तीनदा चुकवले. कर्टने कॅम्पवर तसेच धरले. नेम चुकवणाऱ्याच्या सदऱ्याचा मागचा लोंबता भाग कापून भिंतीला ठोकायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे त्याने चुलीवरचे अंडे उलटले आणि कात्री शोधू लागला.

मी आणखी तीन झाडल्या. वरून मामा म्हणाले, "सगळं रान उठवलंस. लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "लाथा मारा."

मग पूर्वेच्या बाजूने श्री. टायगन झाडी तुडवत आले. मदतीला नव्हे. सहा गोळ्या त्यांच्या हद्दीजवळ वाजल्या म्हणून ते टेकडीवर जाऊन शेरीफ कचेरीला फोन करून आले होते आणि आता मला बोलायला आले होते.

"कोण रे तो आंधळा? हरणावर झाडतोयस की ढगांवर? सकाळपासून माझ्या..." एवढे बोलून त्यांनी वर पाहिले.

"रोलँड," टायगन म्हणाले. "तू तिथे काय करतोयस?"

"हवा खातोय."

"किती वेळ?"

"तुला काय करायचंय? तुझ्या हद्दीत लटकलेलो नाही."

टायगन माझ्याकडे वळले. "पोरा, पाय कसे आहेत ह्याचे?" मी हळूच सांगितले. ते शिडी आणायला घराकडे पळाले. त्यांच्या वयाचा माणूस इतका पळताना मी पाहिलेला नाही.

ते गेल्यावर मामा थोडे गप्प झाले. मी बोलत राहिलो. गिरणीतल्या फळ्यांच्या जाती सांगितल्या. मधे त्यांनी डोळे मिटले तेव्हा मी ओरडून विचारले, मेपल की बर्च? ते म्हणाले, "गप रे, जागा आहे." आवाज बारीक होता. मी तरीही विचारत राहिलो.

टायगन त्यांची रानातली छोटी चारचाकी घेऊन सरळ देवदाराच्या गचपणातून आले. मागे घर रंगवायची लांब शिडी बांधलेली होती. आम्ही ती खोडाला लावली. ते चढू लागले तेव्हा मी त्यांना अडवून माझा सुरक्षा पट्टा पुढे केला.

"बाजूला हो. वेळ आहे का आता?"

"तुम्ही पडलात तर दोघं होतील. मग मी कोणाला धरू?"

"मी पन्नास वर्षं शिड्या चढतोय!"

वरून मामा म्हणाले, "घाल बाबा आर्लिन, तो ऐकायचा नाही. हे खोगीर नसतं तर आज तू माझ्यासाठी फुलं घेऊन आला असतास."

"फुलं? तुझ्यासाठी?" टायगन म्हणाले आणि पट्ट्यात हात घातले. "आलो असतो, रिकाम्या हाताने." कडी मी ओढून बघितली.

टायगन चढले, त्यांनी पट्ट्याची दोरी झाडाला अडकवली आणि मामांच्या बुडाखाली खांदा दिला. मी शिडी दोन्ही हातांनी आणि छातीने दाबून धरली होती. "उचल आता," मामा म्हणाले. "उचलतोय! इतक्या वर्षांत काय काय खाल्लंस?" अशी त्यांची बोलाचाली चालली होती. मामांची दोरी सैल झाली, तेवढ्यात दोघेही एकदम गप्प झाले.

चारचाकीच्या आवाजाने देवदारातून उठलेला हरणाचा एक मोठा नर आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर येऊन उभा होता. मान वर, नाकातून वाफ. तो शिडीकडे बघत होता.

मामा अगदी हळू म्हणाले, "एमेट. बंदूक."

टायगनही हळू म्हणाले, "पोरा, तुझ्या डाव्या हाताला. मी सांभाळतो ह्याला."

माझी बंदूक रिकामी करून झाडाला टेकवलेली होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मी शिडी सोडली नाही.

"एमेट!"

"नाही," मी म्हणालो. तेवढे मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण नर उडी मारून निघून गेला. त्यानंतर दोघांनी मिळून मला जे शब्द वापरले ते येथे लिहीत नाही. ते शब्द वापरता वापरता टायगननी मामांची दोरी सोडवली आणि मामा एकेक पायरी उतरून खाली आले.

मी त्यांना उभे राहू दिले नाही. जमिनीवर बसवून पाय लांब करायला लावले. त्याच वेळी कर्ट कात्री घेऊन हसत आला आणि बापाला पाहून तसाच वळून टेकडीकडे धावला. रुग्णवाहिका त्याने बोलावली. कॅडॉट मॅडम तिच्याही आधी पोचल्या, कारण त्यांना श्री. टायगन यांनी आधीच बोलावले होते. हे मी टायगन यांच्या बाजूने मुद्दाम लिहितो.

मॅडमनी तेथेच टायगन यांना विचारले की बेजबाबदार गोळीबाराची तक्रार ठेवायची का. टायगन म्हणाले, "कसला गोळीबार? पोराने हाक मारली, मी आलो." मग ते रुग्णवाहिकेत चढले. नर्स म्हणाली, तुम्ही नातेवाईक आहात का? ते म्हणाले, "नाही. पण हा डॉक्टरला खोटं सांगेल."

हा जबाब लिहीत असताना दवाखान्यातून फोन आला. तो मॅडमनी मला ऐकू दिला. मामांच्या पायांत रक्त नीट फिरते आहे, आज रात्र ठेवून उद्या सोडतील असे डॉक्टरांनी सांगितले. मला थोडा वेळ लिहिता आले नाही, म्हणून येथे शाई बदललेली दिसेल. मागून मामांचा आणि टायगन यांचा चढलेला आवाज येत होता आणि नर्स त्यांना गप्प बसवत होती.

वरील मजकूर कॅडॉट मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी ऐकला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली, आता तो घडले तसा आहे. फोनवर दोघांनीही आग्रह धरल्यावरून शेवटी एवढी नोंद करतो की, त्या नराच्या शिंगांना मामांच्या म्हणण्याप्रमाणे बारा टोके होती आणि श्री. टायगन यांच्या म्हणण्याप्रमाणे दहा. मी मोजली नाहीत. माझे दोन्ही हात शिडीला होते.

सही,
एमेट लायल स्कोग