डोंगरावरची तीट

जर्मनीला दादाकडं गेले ना, तवाची गंमत ऐका. सगळे मिळून डोंगर चढायला निघालो. आपल्या येरमाळ्याच्या डोंगरावर येडाई देवी तरी आहे, जर्मनीत लेकराच्या राखणीला कोण? म्हणून बाळाच्या गालाला चांगली ठळक तीट लावली.

वर पोचलो, तर एका गोऱ्या बाईला ती घाण वाटली. हसत हसत तिनं गाल पुसून टाकला!

"दादा, सांग तिला, दृष्ट लागंल माझ्या लेकराला!"

दादानं समजावल्यावर बाई ओशाळली. मी पर्समधली काजळाची डबी काढून पुन्हा तीट लावली, तर तिनं आपलंबी लेकरू पुढं केलं. मग तिच्या नवऱ्यानं गाल पुढं केला.

दादा म्हणाला, "बास की आता, चल खाली!"

मी म्हणलं, "थांब, त्यांचं कुत्रं राहिलंय."