अक्काच्या उप्पिटातल्या गुठळ्या

नाही, पण माणसानं खोटं तरी किती बोलावं हो? तेही तेराव्याच्या पंगतीत बसून! समोर अक्काच्या फोटोला हार घातलेला, अन् आमची मनकर्णा आत्या, देवगाव रंगारीहून आलेली, पदर डोळ्याला लावून सगळ्या मांडवाला सांगती, "काय हात होता बाई आशीचा! तिच्या हातचं उप्पीट म्हंजी निस्तं अमृत!" अमृत! मी वरण वाढत होतो, बादली हातात, डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक, बादली ठेवली खाली अन् म्हटलं, "आत्या, खोटं बोलू नको. अक्काचं उप्पीट वाईट व्हायचं."

एका पाहुण्याच्या घशात बुंदी अडकली, त्याची पाठ चोळायला दोघं उठले. आत्या म्हणती, "मुडद्या, दोन आठवडे नाय झाले बहिणीला जाऊन, अन् नावं ठेवतो व्हय रं?" अरे, नावं कुठं ठेवतो? जे होतं ते सांगतो! तुम्ही अमृत अमृत करून मांडवात दुसरीच कुणी बाई उभी करू राहिले. मला ती नाही पाहिजे. मला आमची पाहिजे, गुठळ्यावाली!

तुम्हाला सांगतो, अक्काचं उप्पीट वाईट होतं. म्हणजे किती? तर ताटलीत पडलं की आवाज यायचा. टण्ण नाही... धप्प. वरून बघाल तर पिवळं, मोहरी, कढीपत्ता, सगळं जिथल्या तिथं. पण चमचा घालायला जा, आत बारक्या बटाट्याएवढी गुठळी. ती फोडली की आत कोरा रवा, पुडीतून काढला तसाच, त्याला पाणी ठाऊक नाही, मीठ ठाऊक नाही. अन् कढईच्या बुडाला काळा थर. तो आबा उलथन्यानं खरवडून घ्यायचे, कर्र कर्र, सगळ्या गल्लीला समजायचं की कडूबाच्या घरी नाश्ता चालू झाला. कडूबा म्हणजे आबा, आमचे वडील. सगळं आयुष्य रान केलं, आता उंबऱ्यात बसतात. बोलणं कमी. अक्काच्या उप्पिटाला आठ वर्षांत कधी चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत, ताटली मात्र अशी पुसून द्यायचे की घासायची गरज नाही.

अन् मी? आठ वर्षांमागं कंपनीत लागलो, तेव्हापासून सकाळी कंपनीच्या बसला पळायचो अन् गेटवरच्या पुंजारामच्या गाड्यावर खायचो. आता तुम्ही म्हणाल, घरचं सोडून गाड्यावरचं? अहो, एकदा खाऊन बघा! मऊ, मोकळं, वरून शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड, दाणा दाणा सुटा, जसे हजेरीला कामगार रांगेत उभे. पुंजाराम ताटली अशी पुढं करतो की जावयाला देऊ राहिला. अक्का डबा द्यायची तो तसाच परत आणायचो. ती झाकण उघडून बघायची अन् म्हणायची, "आज बी पुंज्याच्या घरचं गिळलं वाटतं?" मी म्हणायचो, "तू त्याच्याकडं आठ दिवस शिकायला जा." ती म्हणायची, "त्याला म्हणावं आठ दिवस तू इथं ये अन् ह्या बद्रीनाथाला सांभाळून दाखव." बद्रीनाथ म्हणजे मी.

बारा वर्षांनी मोठी होती ती. आई गेली तेव्हा मी चौदाचा, शाळा आठवीत सुटलेली, तेव्हापासून बजाजनगरातल्या ह्या दोन खोल्या तिनंच ओढल्या. लग्नाचं काढलं की म्हणायची, "अन् ह्या दोघांना खाऊ कोण घालील?" दोन महिन्यांमागं ताप आला. चार दिवसांत गेली. एवढंच. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. पण उप्पीट वाईट होतं म्हणजे वाईट होतं! माणूस गेलं म्हणून त्याचं उप्पीट सुधारतं का?

तर झालं काय, पाहुणे गेले, घरात आम्ही दोघं, अन् आबांनी सकाळचं खाणं सोडलं. दुपारी रात्री शेजारच्या सारजाबाई भाकरी-कालवण देतात ते खातील, पण सकाळी नाही. अन् त्यांना रोज सकाळी बीपीची गोळी, डॉक्टरनं निक्षून सांगितलेलं, पोटात काहीतरी गेल्याशिवाय गोळी नाही. एक दिवस रिकाम्या पोटी गोळी घेतली अन् नळाजवळ डोळ्यांपुढं अंधारी येऊन खालीच बसले. मी बघितलं अन् म्हटलं, आता हा एकच माणूस उरलाय माझ्याकडं, ह्याला काहीही करून सकाळी खाऊ घालायचं.

मी म्हणजे डोक्यात आलं की केलं! तसाच उठलो, दुकानात गेलो, त्या तयार उप्पिटाच्या पाकिटांचा अख्खा खोकाच उचलून आणला. गरम पाणी ओता, झाकण ठेवा, तीन मिनिटं थांबा, झालं! तीन मिनिटांत माणसाला जांभई पुरी येत नाही हो! उघडलं तर काय, गुठळी नाही, करपलेलं नाही, वर काजूसुद्धा... दीड. पाकिटावरच्या फोटोत सात दिसतात, ते जाऊ द्या. आबांपुढं ठेवलं. दोन चमचे खाल्ले. म्हणाले, "चांगलं हाय." अन् ताटली सरकवली. "मग खा की!" "तू खा."

दुसऱ्या दिवशी पुंजारामकडून बांधून आणलं. त्यानं आबांसाठी म्हणून शेव जास्त घातली, खोबऱ्याची चटणी वेगळ्या पुडीत. आबा एक घास घेऊन म्हणाले, "लई झ्याक." अन् ताटली सरकवली. मी म्हटलं, हा काय प्रकार? ज्याला चांगलं म्हणतात ते खात नाहीत, अन् जे आठ वर्षं खाल्लं त्याला कधी चांगलं म्हणाले नाहीत! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांना चांगलं उप्पीट नकोच आहे. आबांना वाईट उप्पीट पाहिजे!

आता तुम्ही सांगा, वाईट उप्पीट आणायचं कुठून? कोणत्या दुकानात मिळतं? पुंजारामला विचारलं, "मामा, गुठळ्या घालून, जरा करपवून देता का?" तो म्हणाला, "बद्री, धंद्याच्या टायमाला मस्करी नको."

मग म्हटलं, आपणच करू. त्यात काय एवढं? आपल्यासारख्या माणसाचं बिघडायलाच पाहिजे. पहाटे पाचला उठलो, रवा भाजला, फोडणी घातली, पाणी उकळलं, रवा सोडला, हलवत राहिलो... अन् तुम्हाला सांगतो, असं उप्पीट झालं! मऊ, मोकळं, दाणा दाणा सुटा! मला रडू आलं. आठवी फेल माणूस, जन्मात कधी कढई उचलली नाही, अन् पहिल्याच झटक्यात पुंजारामच्या वर! आबा म्हणाले, "झ्याक केलं." संपलं! ताटली सरकवली! दुसऱ्या दिवशी पाणी कमी घातलं, तरी चांगलं. तिसऱ्या दिवशी मोहरी जाळली, जळकं लागलं, पण गुठळी? एक नाही! अरे, ही बाई बिघडवायची तरी कसं?

शेवटी सारजाबाईंकडं गेलो. त्यांची अन् आमची भिंत एकच. म्हटलं, "काकू, अक्कासारखं वाईट उप्पीट कसं करायचं असतं हो?" सारजाबाई भाकरी थापत होत्या. आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या अन् पिठाचा हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "बद्री, तुला खरंच ठाऊक नाय?"

"काय?"

"आरं, तिला येत व्हतं की! दुपारी माझ्यासाठी करायची तर बोटं चाटत राहावं असं करायची. पर सकाळी टायम कुठं व्हता तिला? पाण्यात रवा सोडला का तुला उठवायला जायची. अन् तू काय एका हाकेत उठतो व्हय? मी भिंतीतून रोज ऐकायची. 'बद्री, उठ. ऊठ रं राजा. बद्र्या, साडेपाच झाले! उठतो का पाणी वतू? बस गेली बघ मुडद्या!' पार गळा बसायचा तिचा. तवर कढईत व्हायचं ते व्हायचंच की!"

मी तिथंच, त्यांच्या शेगडीपुढं, फतकल मारून बसलो. म्हणजे बघा! आठ वर्षं मी नावं ठेवली, डबे परत आणले, पुंजारामकडं शिकायला जा म्हणालो, मांडवात बादली ठेवून भाषण केलं... अन् उप्पीट बिघडवत होतं कोण? मी! पांघरुणात पडल्या पडल्या! अन् ती एका शब्दानं बोलली नाही, की तू उठ म्हणजे उप्पीट सुधारेल. सारजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हणाल्या, "रड. लाजू नको." मी म्हटलं, "रडत नाही, धूर आहे." त्यांच्याकडं गॅस आहे.

अन् आता मला एका हाकेचीही गरज राहिली नाही. रोज पाचला आपसूक जाग येते. कुणी हाक मारायच्या आधीच. म्हणून तर गुठळ्या होत नव्हत्या!

मग दुसऱ्या दिवशी काय केलं? पाणी उकळलं, रवा सोडला, उलथनं ठेवलं बाजूला, अन् सरळ जाऊन अंथरुणावर पडलो. पांघरूण डोक्यावरून ओढलं. कंपनीचा ड्रेस अंगात, मोजेसुद्धा. डोळे मिटून पडलोय... कुणी हाक मारीना. मारणार कोण? कढईतून फुस्स फुस्स आवाज. मग वास. मी पडूनच. लई वेळ गेला हो, खरंच लई वेळ गेला. अन् तेवढ्यात उंबऱ्यातून आबांचा आवाज, दोन महिन्यांत पहिल्यांदा एवढा मोठा, "बद्री! ऊठ रं! करपू राहिलं!"

उठलो. वाढलं. धप्प! आबांनी चमचा घातला, गुठळी निघाली. फोडली. आतला कोरा रवा बघत बसले. मग खाल्ला. सगळं खाल्लं, आणखी मागितलं, कढई ओढून कर्र कर्र खरवड काढली, अन् वर गोळी घेतली. उठताना तेवढं म्हणाले, "मीठ कमी हाय." तिला आठ वर्षांत एकदाही म्हणाले नव्हते! मला पहिल्याच दिवशी!

तेव्हापासून रोज हेच. दुकानातला खोका जवळजवळ तसाच पडलाय, पुंजाराम विचारतो रुसलास का. पाचला उठायचं, रवा सोडायचा, मोजे घालून परत झोपायचं, आबांच्या हाकेची वाट बघायची. ह्यात आठवड्यात दोनदा बस चुकली. परवा सुपरवायझर म्हणाला, "बद्रीनाथ, रोज उशीर? घरी कोणी उठवायला नाही का तुला?"

म्हटलं, "आहेत साहेब. पण ते आधी चांगलं करपू देतात."