पदराखाली

शिरूरच्या कातडीच्या दवाखान्यात करुणा कोंड्याचं औषध न्यायला आली होती. पुढच्या बाकावर निमोण्याच्या सासूसुना बसल्या होत्या. सुनेनं, वैष्णवीनं, डोक्याचा स्कार्फ सोडला नव्हता. सासूचा, पुतळाबाईंचा, पदर कपाळावर ओढलेला.

"खाजवू नको, रक्त येतंय."

"राहवत न्हाई, आत्याबाई. नुसत्या खपल्या निघत्यात."

"डॉक्टर औषध देतील."

"आधी जट कापायला लावतील. मला न्हाई कापायची. देवीनं दिलीय म्हणून तुम्हीच हळदकुंकू लावलं तिला."

"व्हय, मीच लावलं."

"कापली तर घरात इपरीत घडतं, हेबी तुम्हीच सांगितलं. माझं बाळ लहान हाय."

"म्हाईत हाय मला."

"मग कशाला आणलं हितं?"

"झोपंत रडतीस तू."

"आन् देवी कोपली म्हंजी?"

"आधी माझ्यावर कोपंल. हात घाल माझ्या पदराखाली. हळू, लोकं बघत्यात."

वैष्णवीचा हात पदराखाली गेला आणि तिथंच थांबला.

"आत्याबाई, तुमची जट कुठं गेली?"

आतून करुणाचं नाव पुकारलं. ती उठली नाही.

"गेल्या मंगळवारी कापली, देवीच्याच वारी. इळ्यानं. म्हणलं, काय करायचं ते मला कर."

"भ्या न्हाई वाटलं?"

"अजून वाटतंय. रोज उठल्या उठल्या पयलं बाळाच्या नाकाम्होरं बोट धरती मी."