मायाळू मिसकॉल

शेजारणीपुढं मान वर करायची सोय राहिली न्हाय बघा. आमची शेंगाचटणी मोबाईलवरनं विकली जाते. ऑर्डरी घेणारं सर्व्हर बंद पडलं तर लगेच कळावं म्हणून सून म्हणाली, "आत्या, पैसे भरून इशारा देणारी सोय घेऊ." मी गरजले, "कशाला? बंद पडलं तर फुकटात मला मिसकॉल येईल असं लाव की!" तिनं लावलं.

काल लेक बार्शीला गेला. पोचल्यावर मिसकॉल देतो म्हणाला होता. दिवसभर मिसकॉल येत राहिले. नंबर बघायला चष्मा कोण शोधतंय? मी शेजारणीला टोचलं, "लेकाची माया बघ! तुझा करतो का एकदा तरी?"

संध्याकाळी लेक दारात. "आई, मिसकॉल द्यायचा इसरलोच."

आतनं सून ओरडली, "आत्या, सर्व्हर सकाळपासनं बंद हाय! तुमाला त्याचं मिसकॉल आलं न्हाईत व्हय? सणाच्या ऑर्डरी गेल्या!"

शेजारीण तितंच बसलेली. म्हणाली, "सर्व्हर लई मायाळू हाय की गं तुझं."