अकरा किलोमीटरवर नदी

— नाही नाही, आत नको, आत ते झोपलेत. इथेच बस बाजेवर, सावली आहे. आणि मॅडम कसली गं, मोहिरा-खाला म्हण. सायकल मात्र तिथे नको, पत्र्याच्या मागे लाव — का म्हणजे, खिडकीतून दिसते. दिसली की उठतील आमचे, मग आलंच सगळं, कुठून निघालीस, आज किती झाले, वारा कुठून होता. ताश्कंदहून एकटी आलीस म्हटल्यावर तर संध्याकाळपर्यंत सोडायचे नाहीत. घे, चहा घे. हे कुरुत चघळ, वाळवलेलं दही आहे, खारट — एवढा घाम गेल्यावर मीठ लागतं.

ती गंजकी सायकल ना? आमचीच. रशियन काळातली, म्हशीएवढं वजन. मागच्या मे महिन्यात एक परदेशी म्हातारा आला होता, हॉलंडचा का पोलंडचा, सत्तर वर्षांचा, पाय नुसत्या काटक्या. बुखाऱ्याहून खिव्याला निघालेला, तुझ्यासारखाच. आमचे चौसष्ट. तीस वर्षं गॅसच्या पाइपलाइनीवर पहारा केला, कंबर वाकत नाही म्हणून बूटसुद्धा मी चढवते — आणि त्याला बघून मला म्हणतात, मोहिरा, मी याच्यासोबत नदीपर्यंत जाऊन येतो. आमूपर्यंत. साठ किलोमीटर. मी हसले. चांगली आमच्या खानावळीतल्या ट्रकवाल्यांसमोर हसले, म्हटलं, आधी विहिरीपर्यंत जाऊन दाखवा. हे साखळीला तेल सोडत बसले. शीळ घालत. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी यांची शीळ ऐकली नव्हती, पोरी. मला वाटायचं, येतच नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले. पिशवी मीच भरली — दोन रोट्या, कांदे, पाणी, पंक्चरची डबी, पंप — म्हणजे, भरली होती. मग दिवसभर ट्रकवाले बातम्या आणत राहिले. आठला एकजण म्हणाला, खाला, तुमचा नवरा वीस किलोमीटरवर गातोय. दहाला दुसरा म्हणाला, पस्तीसवर आहेत, वारा तोंडावर, पण त्या परदेश्याला पुढे पाठवलंय — तू हो पुढे, गाठतोच तुला. मानी माणूस. गाठतोय कसला. बाराला तिसरा आला. म्हणाला, सदतीसवरच चाक बसलंय, काटे गेलेत, ढकलत चाललेत. मी थांबलो तर म्हणाले, जा बाबा, नदी इथेच तर आहे. त्याच वेळी कोणाला तरी पाठवायला हवं होतं मी. सगळे ओळखीचे, नाही कोण म्हणालं असतं? पण कढईत तेल तापलेलं होतं. आणि — मनात म्हटलं, फिरू दे जरा. कळू दे.

कळलं ना. साडेचारला कांद्याचा ट्रक आला, वर सायकल, आत हे. ओठ फाटलेले, जीभ हलेना. चमच्याने ताक पाजलं मी, चमचा चमचा, दिवस मावळेपर्यंत. ड्रायव्हर म्हणाला, एकोणपन्नासाव्या दगडापाशी बसले होते. नदी अकरा किलोमीटर राहिली होती, खाला, हट्टाने पुढेच बघत बसलेले, मला त्यांचं तोंड इकडे फिरवून उचलावं लागलं त्यांना.

अगं, होता की पंप. होता. माझ्या पिठाच्या डब्यात होता, डबीसकट. आदल्या संध्याकाळी काढून ठेवला मी. असं बघू नकोस माझ्याकडे. मला वाटलं, दहा-पंधरा किलोमीटरवर चाक बसेल, हे शिव्या घालत चालत येतील, दुपारचा पुलाव इथेच खातील. सदतीस किलोमीटर टिकेल ते चाक, हे कोणाला माहीत? आणि तो म्हातारा काय, त्याला कोणी वाट बघणारं नसेल. यांना आहे ना. शीळ घालायचीच होती तर इथे घालायची होती.

दोन दिवसांनी पंप खिळ्याला परत अडकवला. घाईत नीट पुसला नव्हता. हे उठले, भिंत धरत गेले, खाली काढला. बाहीने पीठ पुसलं, फटीतलंसुद्धा, नखाने. परत अडकवला. मी चुलीपाशी होते, वाट बघत — आता विचारतील, आता ओरडतील. तुला सांगते, आमच्यांना एक्केचाळीस वर्षांत स्वतःची टोपी सापडली नाही. मोहिरा, टोपी कुठे, मोहिरा, काडेपेटी कुठे, मोहिरा, मीठ कुठे — जीव खायचे माझा. पंप कुठे होता, हे नाही विचारलं. आणि त्या दिवसापासून काहीच विचारत नाहीत. तुमच्यासारखं कोणी आलं की त्याच्याशी तासन्‌तास बोलतील. माझ्याशी नाही. मीठसुद्धा स्वतः शोधतात. सगळे डबे उघडून बघतात एकेक, मी समोर उभी असते.

बाटल्या भरल्यास ना? मग ऊठ, नीघ आता. रोटी घे बरोबर. आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत घंटी वाजवू नकोस.